अमेरिकेत डिसॅबिलिटीचा क्लेम नामंजूर झाला तर: जजसमोरच्या सुनावणीची तयारी

सोशल सिक्युरिटीकडून, म्हणजे अपंगत्वाचे क्लेम ठरवणाऱ्या सरकारी खात्याकडून, नकाराचं पत्र आलं की आधी त्यावरची तारीख बघा, मजकूर नंतर वाचा. पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करावं लागतं. टपालाला पाच दिवस लागले असं धरलं जातं, त्यामुळे हिशोब पत्रावरच्या तारखेपासून ६५ दिवसांचा. शेवटचा दिवस शनिवार-रविवार किंवा सरकारी सुट्टीचा असेल तर पुढचा कामाचा दिवस चालतो. हॉस्पिटलात असणं, पत्रच न मिळणं अशा सबळ कारणासाठी उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका.

पहिल्या नकारानंतर रिकन्सिडरेशन, म्हणजे फेरविचार, मागायचा. तिथेही नकार आला की ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ जजसमोर सुनावणी मागता येते. आधीच्या दोन्ही टप्प्यांवर निर्णय कागदांवरून होतो. निर्णय देणारी व्यक्ती प्रत्यक्ष तुमचं बोलणं ऐकते ती पहिल्यांदा सुनावणीतच, आणि आधीच्या नकारांना जज बांधील नसतात. सगळी केस नव्याने बघितली जाते. म्हणून दोन नकारांनी खचून अपील सोडणं आणि वर्षभराने नवा अर्ज भरणं ही आमच्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. जुन्या अर्जाची तारीख गेली की मधल्या काळाचे थकीत पैसे जातात, आणि कधी कधी पात्रताही जाते.

सुनावणीची मागणी ऑनलाइन करता येते किंवा एचए-५०१ हा फॉर्म भरून. त्यासोबत अपिलाचा डिसॅबिलिटी रिपोर्ट (एसएसए-३४४१) आणि वैद्यकीय कागद मागवण्याची परवानगी (एसएसए-८२७) द्यायची असते. ३४४१ भरताना मागच्या फॉर्मनंतर काय बदललं ते नेमकं लिहा: नवे डॉक्टर, नव्या तपासण्या, वाढलेला डोस, बंद पडलेली कामं. "काही बदल नाही" असं लिहून पाठवलेला फॉर्म पुढे तुमच्याच विरोधात वाचला जातो. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आणि पोचपावती घरी एका फाइलीत ठेवा.

विमा कुठल्या तारखेपर्यंत होता?

एसएसडीआय (सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी इन्शुरन्स) हा तुमच्या पगारातून कापलेल्या करावर उभा असलेला विमा आहे. ३१ वर्षांपुढच्या व्यक्तीला साधारणपणे अपंगत्व येण्याआधीच्या दहा वर्षांत पाच वर्षांच्या कामाचे, म्हणजे २० क्रेडिट लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. एच-१बीवर भरलेला सोशल सिक्युरिटी कर यात धरला जातो. पुण्यात किंवा मुंबईत केलेली नोकरी धरली जात नाही, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीची वर्षं एकत्र मोजण्याचा करार नाही.

सलग नोकरी करून काम सोडलेल्या माणसाचा हा विमा साधारण पाच वर्षांनी संपतो. त्या तारखेला डेट लास्ट इन्शुअर्ड म्हणतात. ती सुनावणीआधी पाठ असली पाहिजे, कारण अपंगत्व त्या तारखेच्या आत सुरू झालं हे दाखवावं लागतं. मुलं लहान असताना नोकरी सोडलेल्या बायकांच्या बाबतीत हा घोळ फार होतो. विमा २०२१मध्ये संपलेला असतो आणि फाइलमधले सगळे भक्कम रिपोर्ट २०२३नंतरचे असतात. अशा वेळी जुने कागद शोधणं, किंवा "हा आजार २०२१पासूनच या तीव्रतेचा होता" असं कारणांसह लिहिणारा डॉक्टर मिळवणं, एवढाच मार्ग उरतो.

एसएसआय (सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम) वेगळी योजना आहे. ती उत्पन्न आणि मालमत्तेवर ठरते, आणि ग्रीन कार्डधारकांसाठी तिचे नियम कडक आहेत. मुलांनी स्पॉन्सर करून आणलेल्या आई-वडिलांनी आधी ती पात्रता तपासावी. एसएसआय चालू असताना सलग ३० दिवस किंवा जास्त अमेरिकेबाहेर राहिलात तर पैसे थांबतात, हेही भारताचं तिकीट काढण्याआधी लक्षात ठेवा.

जज काय ठरवत असतात

आजाराचं नाव कितीही मोठं असलं तरी बहुतेक केसेस नावावर सुटत नाहीत. जज पाच प्रश्न ओळीने सोडवतात. तुम्ही ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त कमावताय का (२०२५मध्ये दृष्टिहीन नसलेल्यांसाठी महिना १,६२० डॉलर, आकडा दरवर्षी बदलतो)? आजार गंभीर आणि किमान १२ महिने टिकणारा आहे का? तो सोशल सिक्युरिटीच्या ठरावीक यादीतल्या निकषांत बसतो का? नसेल तर तुम्ही पूर्वीचं काम करू शकता का? आणि तेही नसेल तर दुसरं कुठलं काम करू शकता का?

चौथ्या आणि पाचव्या प्रश्नावर खरी लढाई होते. त्यासाठी जज तुमची उरलेली कार्यक्षमता ठरवतात. तिला सगळे आरएफसी (रेसिड्युअल फंक्शनल कपॅसिटी) म्हणतात. दिवसाला आठ तास, आठवड्याला पाच दिवस, दर आठवड्याला तुम्ही काय करू शकता हा तिचा अर्थ. एखाद्या चांगल्या दिवशी काय जमलं याला इथे महत्त्व नाही.

वजनाचे आकडे पौंडांत असतात, ते घरातल्या वस्तूंवर बसवून बघा. दुधाचा एक गॅलनचा कॅन साधारण साडेआठ पौंडांचा. बैठ्या कामात जास्तीत जास्त १० पौंड उचलावे लागतात आणि दिवसात सुमारे सहा तास बसावं लागतं. हलक्या कामात २० पौंडांपर्यंत, म्हणजे देशी दुकानातली तांदळाची २० पौंडांची पिशवी, आणि सुमारे सहा तास उभं राहणं-चालणं. तुम्ही ती पिशवी गाडीच्या डिकीतून स्वयंपाकघरात नेऊ शकता का? दिवसात किती वेळा? नेल्यावर काय होतं? याची उत्तरं तुमच्याकडे हवीत.

वयाचाही मोठा परिणाम होतो. पन्नाशीनंतर नियम सैल होतात, पंचावन्ननंतर आणखी. पन्नाशी उलटलेला, दुकानात किंवा गोदामात उभ्याने काम केलेला माणूस आता फक्त बैठं काम करू शकतो आणि त्याच्याकडे तिथे वापरता येईल असं कौशल्य नाही, असं ठरलं तर तो सहसा पात्र ठरतो. सॉफ्टवेअरमध्ये काम केलेल्यांना या सवलतीचा उपयोग होत नाही. त्यांचं पूर्वीचं काम मुळात बैठं असतं, त्यामुळे "मला वजन उचलता येत नाही" हे कितीही खरं असलं तरी केस तिथे अडते. त्यांनी दाखवायचं ते वेगळंच: सलग किती मिनिटं बसता येतं, कीबोर्डवर हात किती वेळ चालतात, औषधाच्या गुंगीत किंवा वेदनेत लक्ष किती टिकतं, महिन्यात किती दिवस कामावर जाताच आलं नसतं. पूर्वीचं काम म्हणून जून २०२४पासून फक्त मागच्या पाच वर्षांतलं काम धरतात, आधी ही मर्यादा १५ वर्षांची होती.

फाइल उघडून वाचा

सुनावणी मागितल्यावर केस हिअरिंग ऑफिसकडे जाते आणि तिची इलेक्ट्रॉनिक फाइल तुम्हाला किंवा तुमच्या प्रतिनिधीला (तुमच्या वतीने केस लढवणाऱ्या वकिलाला किंवा जाणकाराला) बघता येते. ती न वाचता सुनावणीला जाऊ नका. फाइलचे विभाग अक्षरांनी केलेले असतात. 'ए'मध्ये आधीचे निर्णय, 'डी'मध्ये कमाईच्या नोंदी, 'ई'मध्ये तुम्ही भरलेले फॉर्म, 'एफ'मध्ये वैद्यकीय कागद.

पहिल्यांदा 'ए' वाचा. आधीच्या टप्प्यांवर केस तपासणाऱ्या राज्याच्या एजन्सीच्या डॉक्टरांनी तुम्ही किती वेळ उभे राहू शकता, किती वजन उचलू शकता याचे जे आकडे लिहिलेत ते तिथे असतात. तुम्हाला खोडून काढायचंय ते हेच. मग 'ई'मधला तुमचा फंक्शन रिपोर्ट (एसएसए-३३७३) काढा. दीड-दोन वर्षांपूर्वी मुलाने घाईत भरून दिलेल्या त्या फॉर्मवर "स्वयंपाक: रोज", "खरेदी: आठवड्यातून एकदा", "मंदिरात जाणे: नियमित" असं लिहिलेलं असतं आणि जज त्याच ओळींवर बोट ठेवून विचारतात. आज परिस्थिती वेगळी असेल तर कधीपासून आणि का, हे सांगता आलं पाहिजे.

शेवटी 'एफ'. इथे काय नाही ते शोधा. शेवटच्या सहा महिन्यांच्या भेटी, एमआरआयचा अहवाल, फिजिओथेरपीच्या नोंदी, इमर्जन्सी रूमच्या फेऱ्या बऱ्याचदा आलेल्याच नसतात. प्रत्येक दवाखान्याकडून स्वतः लेखी मागवा. मिळायला महिनाभर लागू शकतो. भारतात ऑपरेशन किंवा तपासण्या झाल्या असतील तर डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्ट जोडा, मराठी मजकुराचं इंग्रजी भाषांतर सोबत द्या. आयुर्वेदिक उपचार घेतले असतील तर तेही सांगा, कारण त्यातून तुम्ही बरं होण्यासाठी धडपडलात हे दिसतं. पण वैद्यांच्या चिठ्ठीवर निदान सिद्ध होत नाही.

सुनावणीची नोटीस किमान ७५ दिवस आधी येते. सोबतचा पोचपावतीचा फॉर्म लगेच परत पाठवा. फोन किंवा सोशल सिक्युरिटीच्या व्हिडिओवरची सुनावणी नको असेल तर, सुनावणी ठरवण्याआधी त्याबद्दल जी वेगळी नोटीस येते ती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते. सगळा पुरावा सुनावणीच्या किमान पाच कामाचे दिवस आधी द्यायचा. एखादा कागद तोवर हाती आला नसेल तर निदान "अमुक दवाखान्याचे अमुक काळाचे कागद यायचे आहेत" असं त्याच मुदतीत लेखी कळवा. हे न कळवता सुनावणीच्या दिवशी आणलेला रिपोर्ट जज नाकारू शकतात.

डॉक्टरांसमोरचं "बरं आहे"

आपल्या लोकांच्या केसेस जिथे सगळ्यात जास्त कमकुवत होतात ती जागा सुनावणीच्या खोलीत नसते, ती डॉक्टरांच्या खोलीत असते. डॉक्टर आत आल्या आल्या "हाऊ आर यू?" विचारतात. आपण सवयीने "फाइन, थँक यू" म्हणतो. नोंदीत जातं: रुग्ण बरा आहे, तक्रार नाही. मोठ्या माणसासमोर रडगाणं गाऊ नये, दुखणं अंगावर काढावं, हे आपल्यावरचे संस्कार आहेत, आणि त्यांची किंमत इथे मोजावी लागते. अशा आठ-दहा नोंदी फाइलमध्ये साठल्या की सुनावणीत तुम्ही कितीही खरं सांगितलंत तरी जजसमोर दोन वेगळी माणसं उभी राहतात, एक कागदावरचं आणि एक समोरचं.

उपाय सोपा आहे. प्रत्येक भेटीला अर्ध्या पानावर लिहून न्या: मागच्या भेटीपासून वाईट दिवस किती, त्या दिवशी काय करता आलं नाही, रात्री किती वेळा जाग आली, औषधाने काय त्रास झाला. कागद डॉक्टरांच्या हातात द्या आणि नोंदीत घ्यायला सांगा. नैराश्य, भीती, झोप उडणं हेही सांगा. घरात मानसिक त्रासाबद्दल बोलणं टाळलं जातं, मग नोंद होत नाही, आणि नोंद नसलेला आजार सुनावणीत नसल्यासारखाच असतो. उपचार मध्येच थांबले असतील तर कारण नोंदवून घ्या. नोकरीबरोबर इन्शुरन्स गेला, को-पे (प्रत्येक भेटीला खिशातून द्यायची रक्कम) परवडला नाही, ही कारणं जजना विचारात घ्यावी लागतात, पण ती कुणीतरी सांगितली तर.

यानंतर डॉक्टरांकडून कार्यक्षमतेचा फॉर्म भरून घ्या. "रुग्ण पूर्णपणे अपंग आहे" या एका ओळीच्या पत्राला काही किंमत नाही, तो निर्णय सोशल सिक्युरिटीचा असतो. हवे ते आकडे: सलग किती मिनिटं बसू शकतो, आठ तासांत एकूण किती, किती पौंड आणि किती वेळा, हातांचा वापर दिवसाच्या किती भागात, आडवं व्हावं लागतं का, लक्ष किती टक्के वेळ उडतं, महिन्यात किती दिवस गैरहजेरी. प्रत्येक आकड्यापुढे कारण हवं: एमआरआयमध्ये काय दिसलं, तपासणीत काय आढळलं. २७ मार्च २०१७पासून दाखल झालेल्या अर्जांत नेहमीच्या डॉक्टरांच्या मताला आपोआप जास्त वजन मिळत नाही. त्या मताला त्यांच्याच नोंदींचा आधार आहे का आणि बाकीच्या फाइलशी ते जुळतं का, हे दोन मुद्दे मुख्यतः बघितले जातात. कौटुंबिक ओळखीच्या डॉक्टरने एकदाच तपासून भरलेला फॉर्म इथेच गळतो.

सुनावणीच्या दिवशी

सुनावणी साधारण पाऊण ते एक तास चालते. जज, रेकॉर्डिंग करणारी व्यक्ती, नोकऱ्यांविषयी साक्ष देणारा व्होकेशनल एक्स्पर्ट, तुम्ही आणि तुमचा प्रतिनिधी. कधी वैद्यकीय तज्ज्ञही असतो. समोरच्या बाजूचा वकील नसतो. शपथ घेऊन बोलायचं असतं आणि सगळं रेकॉर्ड होतं.

इंग्रजीत दुखणं सांगताना अडखळत असाल तर दुभाषी मागा. तो सोशल सिक्युरिटी फुकट देते. मागताना भाषा "मराठी" अशी स्पष्ट लिहा, नाहीतर हिंदीचा दुभाषी येतो. मुलाला किंवा सुनेला दुभाषी करू नका: कितीही शिकलेली असली तरी ती तुमचं बोलणं नकळत सावरून घेतात. एकदा दुभाषी घेतला की पूर्ण मराठीत बोला, अर्धं इंग्रजी अर्धं मराठी केलंत की रेकॉर्डिंगमध्ये उत्तर तुटकं होतं.

मराठीत दुखण्याला शब्द भरपूर आहेत: कळ, ठणका, चमक, उसण, मुंग्या, बधिरपणा, पेटका. दुभाष्याच्या तोंडून त्यातल्या बऱ्याच शब्दांचं नुसतं "दुखतं" होतं. म्हणून शब्दापाठोपाठ परिणाम सांगा. "कमरेतून पायात चमक जाते" एवढ्यावर थांबू नका. "वीसेक मिनिटं बसलं की कमरेतून डाव्या पायात चमक जाते, मग उठून दहा मिनिटं उभं राहावं लागतं, दिवसातून दोनदा तासभर आडवं व्हावं लागतं." या वाक्यातला प्रत्येक आकडा जजना वापरता येतो.

घरकामाच्या प्रश्नावर बायकांची उत्तरं हमखास फसतात. "स्वयंपाक कोण करतं?" "मीच करते." इतकंच रेकॉर्डवर जातं. खरं चित्र असं असतं: कणीक नवरा मळतो किंवा पोळ्या फ्रोझन आणल्या जातात, भाजी टेबलापाशी बसून दोन टप्प्यांत चिरली जाते, कुकर उचलून ओट्यावर ठेवायला मुलगी लागते, आणि संध्याकाळी पाठ टेकावी लागते म्हणून रात्रीचं जेवण सकाळचंच असतं. हे सगळं "मीच करते"मध्ये गडप होतं. काम होतं का एवढं न सांगता ते कसं होतं, किती वेळात होतं आणि नंतर काय होतं ते सांगा.

भारतवारीचाही प्रश्न येतो. वीस तासांचा प्रवास केला असेल तर लपवू नका. व्हीलचेअर घेतली होती का, विमानात किती वेळा उठलात, पोचल्यावर किती दिवस अंथरुणात होतात, हे सांगा. तिकिटावरची व्हीलचेअरची नोंद जपून ठेवा. नातेवाइकाच्या दुकानात पगार न घेता बसत असाल तर तेही विचारलं जातं, आणि पगार नाही म्हणून ते काम नाही असं होत नाही.

"नेहमी", "कधीच नाही", "अजिबात नाही" हे शब्द टाळा. वेदना कायम दहापैकी दहा सांगणाऱ्या माणसावर विश्वास बसणं अवघड जातं. माहीत नसेल तर "आठवत नाही" म्हणा, अंदाज असेल तर "अंदाजे" म्हणा. आणि "सांभाळून घेतो", "चालतंय हळूहळू" ही वाक्यं घरीच ठेवून या.

व्होकेशनल एक्स्पर्टचे प्रश्न

तुमची साक्ष झाली की जज एक्स्पर्टला काल्पनिक माणसाबद्दल विचारतात: तुमच्या वयाचा, शिक्षणाचा, अमुक मर्यादा असलेला माणूस कुठलं काम करू शकेल? एक्स्पर्ट दोन-तीन नोकऱ्या आणि देशात त्या किती आहेत याचे आकडे देतो. हे ऐकून पुष्कळ जण तिथेच हाय खातात. तो निकाल नसतो. जज कमी-जास्त मर्यादांचे अनेक प्रश्न विचारतात, आणि कुठला काल्पनिक माणूस तुमच्यासारखा आहे ते नंतर ठरवतात.

यानंतर तुम्हाला किंवा प्रतिनिधीला प्रश्न विचारता येतात आणि इथे केस फिरू शकते. त्याच माणसाचं १५ टक्के वेळ लक्ष कामावर नसेल तर? महिन्यातून दोन दिवस गैरहजर राहिला तर? ठरलेल्या सुट्ट्यांव्यतिरिक्त आडवं व्हावं लागलं तर? हात फक्त एक तृतीयांश वेळच चालले तर? बहुतेक एक्स्पर्ट यातल्या पहिल्या तीन प्रश्नांना "मग नोकरी नाही" असं उत्तर देतात. पण त्या मर्यादा फाइलमध्ये हव्यात, डॉक्टरांचा आकड्यांचा फॉर्म लागतो तो याचसाठी. एक्स्पर्ट ज्या नोकऱ्यांची नावं घेतो त्यांचं वर्णन १९९१नंतर अद्ययावत न झालेल्या नोकऱ्यांच्या सरकारी कोशातलं असतं. पाकिटांवर पत्ते लिहिणारा 'ॲड्रेसर' किंवा 'नट सॉर्टर' अशी नावं आली तर ती कामं आजही त्याच पद्धतीने चालतात याचा आधार मागा. २०२४पासून सोशल सिक्युरिटीनेच अशा काही नोकऱ्यांसाठी जास्तीचा पुरावा आवश्यक केला आहे.

प्रतिनिधी असावा का? असावा, आणि नोटीस येण्याआधी असावा. फी केस जिंकल्यावरच, थकीत रकमेच्या २५ टक्के किंवा ९,२०० डॉलर, यातली कमी असेल ती (ही मर्यादा नोव्हेंबर २०२४च्या अखेरीपासूनची). कागद मागवण्याचा खर्च वेगळा लागू शकतो. नेमण्याआधी विचारा: सुनावणीत स्वतः कोण बसणार, आणि डॉक्टरांचा फॉर्म कोण मागवणार?

निर्णय आल्यावर

निर्णय टपालाने येतो. पूर्ण मंजूर, अंशतः मंजूर किंवा नामंजूर. अंशतः मंजूर म्हणजे अपंगत्व मान्य, पण तुम्ही सांगितलेल्या तारखेपेक्षा नंतरपासून. सुनावणीतच जज "सुरुवातीची तारीख पन्नासाव्या वाढदिवसाची करू का?" असं विचारू शकतात. लगेच हो म्हणण्याआधी प्रतिनिधीशी बाजूला बोलायला वेळ मागा. एसएसडीआयमध्ये सुरुवातीच्या तारखेनंतर पाच पूर्ण महिने पैसे नाहीत, अर्जाच्या आधीचे जास्तीत जास्त १२ महिनेच मिळतात, आणि मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) हक्क सुरू झाल्यावर २४ महिन्यांनी. तारीख दोन वर्षांनी पुढे गेली की मेडिकेअरही तेवढंच पुढे जातं. नवी तारीख विमा संपल्यानंतरची असेल तर एसएसडीआयचा हक्कच जातो.

नामंजूर झालं तर पुन्हा ६० दिवस (अधिक टपालाचे पाच) आणि अपील्स कौन्सिल, म्हणजे सोशल सिक्युरिटीतलीच जजच्या वरची पायरी. तिथे तुमची साक्ष पुन्हा होत नाही. जजच्या निर्णयात चूक कुठे झाली ते दाखवावं लागतं: डॉक्टरांच्या मतातली कुठली मर्यादा कारण न देता सोडली, एक्स्पर्टला विचारलेल्या प्रश्नात काय गाळलं, उपचार थांबण्याचं कारण का विचारात घेतलं नाही. त्यासाठी सुनावणीच्या रेकॉर्डिंगची प्रत मागवा आणि निर्णयाचं पत्र समोर ठेवून ऐका. कौन्सिलनेही नाही म्हटलं तर आणखी ६० दिवसांत फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात दावा दाखल करता येतो.